३२०० ची रॅम, जोडीला दुसरी ३२०० ची रॅम, तरी स्क्रीनवर २४००

जुळारी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

सांगलीत माझं डीटीपीचं काम आहे. सध्या तीन दिवाळी अंकांची पानं एकाच वेळी लावतोय. मशीन पाच वर्षांचं: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड, छोटं ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबीची एकच रॅम. या रॅमवर ३२०० लिहिलंय. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू करून ती पाच वर्षं ३२०० वर चालली, एकदाही त्रास नाही.

दोनशे पानांचा अंक, पानोपानी चित्रं, त्यात फोटोशॉप उघडलं की ८ जीबी पुरत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात आणखी ८ जीबी घेतली. कंपनी वेगळी, पण पाकिटावर डीडीआर४ ३२०० असंच छापलेलं. दुकानदारही म्हणाला, "३२०० ला ३२०० आहे, बिनधास्त लावा."

लावली. १६ जीबी दिसतात, पण टास्क मॅनेजरमध्ये वेग २४००. एक्सएमपी पुन्हा चालू केलं तर मशीन तीनदा आपोआप बंद-चालू होतं आणि परत २४०० वर येतं. दोनदा मात्र ३२०० वर सुरू झालं. मला वाटलं, मिटलं. तासाभरात निळी स्क्रीन, "मेमरी मॅनेजमेंट". त्याहून वाईट म्हणजे त्या तासाभरात काढलेल्या एका पीडीएफमध्ये ४७ व्या पानावरचं चित्र अर्ध्यातून फाटल्यासारखं दिसतंय. मूळ फाइलमध्ये चित्र नीट आहे.

दुकानदार आता म्हणतो रॅम खराब आहे, बदलून देतो. बदलून पुन्हा तेच झालं तर? अंक २० तारखेला छापखान्यात जायचाय.

---

सोल्डर | सोमवार, रात्री ११:५८

जुळारीदादा, आधी एक काम करा. एक्सएमपी बंद करा आणि २४०० वरच काम चालू ठेवा. २४०० वर मशीन स्थिर असेल तर अंकाला काही होत नाही. ३२०० वर चाललेल्या त्या तासात जेवढ्या फाइली सेव्ह केल्या असतील, त्या सगळ्या उघडून बघा आणि आदल्या दिवशीचा बॅकअप हात न लावता बाजूला ठेवा. रॅम चुकत असेल तर चुकलेला डेटा तसाच डिस्कवर लिहिला जातो. मशीन काही सांगत नाही.

आता माहिती द्या:

दोन्ही रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहेत? प्रोसेसरकडून मोजा, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

दोन्हींच्या लेबलवर जे जे लिहिलंय ते अक्षरन्‌अक्षर इथे द्या. विशेषतः "सीएल" पुढचा आकडा (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत क्लॉकचे किती ठोके लागतात तो), व्होल्टेज, आणि १आरएक्स८ सारखं, चिपांची मांडणी सांगणारं काही असेल तर ते.

सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात "मेमरी" आणि "एसपीडी" असे दोन टॅब आहेत. तिथे काय दिसतं?

---

खटपट्या | मंगळवार, सकाळी ७:१५

माझ्याकडे असंच झालं होतं. व्होल्टेज १.३५ वरून १.४५ केलं आणि चाललं. करून बघा.

---

सोल्डर | मंगळवार, सकाळी ८:०२

खटपट्या, तुमच्या रॅमला चाललं असेल. पण यांची नवी रॅम कुठली, तिला काय झेपतं हे अजून आपल्याला माहीत नाही. डीडीआर४ चं मूळ प्रमाण १.२ व्होल्टचं आहे, एक्सएमपीवाल्या बहुतेक रॅम १.३५ वर चालतात. दुखणं कळायच्या आधी व्होल्टेज वाढवू नये. त्यातून यांच्या मशीनवर लोकांचं काम आहे.

---

कॅमेरावाली | मंगळवार, सकाळी ९:३०

बॅकअपबद्दल सोल्डर म्हणतात ते कृपया मनावर घ्या.

मी लग्नांचे फोटो काढते. दोन वर्षांपूर्वी एका रॅममध्ये दोष होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. कार्डावरचे फोटो मशीनवर घेतले, मशीनवरून बाहेरच्या डिस्कवर टाकले, कार्ड पुसलं. आठवड्याने निवडायला बसले तर हळदीच्या साठ-सत्तर फोटोंमध्ये खालच्या भागात जांभळे पट्टे. कॅमेरा ठीक, कार्ड ठीक, डिस्क ठीक. कॉपी होताना डेटा रॅममधून गेला आणि तिथेच बिघडला. त्या मुलीच्या आजी नंतर दोनच महिन्यांत गेल्या, आणि हळद लावतानाचे त्यांचे फोटो त्याच साठ-सत्तरात होते. मला अजून त्या घरी जायला जड जातं.

मशीन चालू राहतंय म्हणजे रॅम बरी आहे असं समजू नका.

---

जुळारी | मंगळवार, दुपारी २:१०

ताई, वाचून बसूनच राहिलो. त्या तासातल्या सगळ्या फाइली तपासल्या. एक पीडीएफ आणि एक पान बिघडलंय, बाकी नीट आहेत. बॅकअप वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवला.

आता माहिती. कॅबिनेट उघडून मोबाइलच्या उजेडात बघितलं.

रॅम पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये आहेत. जुनी दुसऱ्यात होतीच, नवी तिच्या शेजारी बसवली. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलपुढे "सिंगल" दिसतंय.

जुनी: ३२००, सीएल१६-१८-१८-३६, १.३५ व्होल्ट. वर काळा पत्रा आहे. एसपीडी टॅबमध्ये चार-पाच रकाने आहेत. त्यातला जेडेक नावाचा सगळ्यात वेगवान रकाना १२०० मेगाहर्ट्झचा, सीएल१७. शेवटचा रकाना एक्सएमपी-३२००.

नवी: पत्रा नाही, हिरवी पट्टी. ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट, १आरएक्स१६. एक्सएमपीचा रकानाच नाही. जेडेकच्या रकान्यातच १६०० मेगाहर्ट्झ आहे, सीएल२२-२२-२२-५२. आणि एक गोष्ट दिसली: हिच्यावर चिप फक्त चारच आहेत, मोठ्या आणि लांबट. आतापर्यंत मी पाहिलेल्या रॅमवर आठ असायच्या. ही अर्धी रॅम तर नाही ना दिली?

---

सोल्डर | मंगळवार, सायंकाळी ६:४५

अर्धी नाही, पूर्ण ८ जीबीच आहे. तिच्यावरची प्रत्येक चिप १६ गिगाबिटची आहे. चार चिपा गुणिले १६ म्हणजे ६४ गिगाबिट, म्हणजे ८ जीबी. तुमच्या जुन्या रॅमवर पत्र्याखाली बहुधा ८ गिगाबिटच्या आठ चिपा असतील, तेही ८ जीबीच. अशी चार चिपांची रॅम थोडी मंद असते, कारण आत बँकांचे (साठवणीच्या कप्प्यांचे) गट चारऐवजी दोनच असतात. पण ती खोटी नाही आणि खराबही नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या दोन्ही रॅमवर ३२०० लिहिलंय, पण त्या दोन ३२०० चा अर्थ वेगळा आहे.

प्रत्येक रॅमवर एसपीडीची एक बारीक चिप असते. मशीन सुरू होताना बोर्ड ती वाचतो: ही रॅम कुठल्या वेगाला, किती टायमिंगवर (कुठल्या कामाला किती ठोके) चालते. तुमच्या नव्या रॅमच्या मूळ तक्त्यातच (जेडेकच्या रकान्यात, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामाईक प्रमाणात) ३२०० आहे. १.२ व्होल्टवर, सीएल२२ ने, काहीही न करता. जुन्या रॅमचा मूळ तक्ता मात्र २४०० वर संपतो. तिचं ३२०० एक्सएमपी या वेगळ्या खात्यात आहे. ते कंपनीने तपासून लिहिलेलं असतं, पण तुम्ही बायोसमध्ये मुद्दाम चालू केल्याशिवाय वापरलं जात नाही. (काही एएमडी बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असतं.)

दोन्ही रॅमना एकच क्लॉक मिळतो. एक रॅम ३२०० वर आणि शेजारची २४०० वर, असं चालत नाही. मग बोर्ड ऑटोवर दोन्हींच्या मूळ तक्त्यांत जुळेल असा वेग शोधतो: २४००. तुम्हाला दिसतोय तो आकडा हाच, आणि बोर्डाचं काही चुकलेलं नाही.

एक्सएमपी चालू केलं की उलटं होतं. जुन्या रॅमचं १६-१८-१८-३६ हे टायमिंग बोर्ड नव्या रॅमवरही लादतो. ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे पावणेचौदा. जिला पावणेचौदा लागतात तिच्याकडून दहात उत्तर मागितलं जातंय. बोर्ड दोन-तीनदा ट्रेनिंगचा (रॅमशी जुळवून बघायचा) प्रयत्न करतो, जमलं नाही की मागे येतो. कधी काठावर जमून जातं, तेव्हा विंडोज उघडतं आणि ४७ वं पान फाटतं.

म्हणजे ऑटो जमत नाही, एक्सएमपीही जमत नाही. आकडे हाताने भरावे लागतील:

आधी मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवा. पहिला-दुसरा हे एकाच चॅनेलचे (प्रोसेसर आणि रॅममधल्या एकाच वाटेचे) स्लॉट आहेत, म्हणून "सिंगल" दिसतंय. ३२०० ला एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन्हींतून ५१.२. तुम्ही आत्ता २४०० वर एका चॅनेलने चालवताय, म्हणजे जेमतेम १९.२. एकच रॅम होती तेव्हा २५.६ मिळत होते. वेग वाढायच्या ऐवजी कमी झालाय तो इथे.

मग बायोसमध्ये मेमरीचा वेग ३२००, टायमिंग २२-२२-२२-५२, व्होल्टेज १.३५. नव्या रॅमच्या लेबलवर १.२ असलं तरी अशा रॅमला १.३५ सहसा चालतं. सीएल१६ वाली जुनी रॅम सीएल२२ वर आरामात चालेल, तिला उलट जास्त वेळ मिळतोय.

विंडोज उघडलं म्हणून लगेच कामाला लागू नका. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घ्या आणि रात्रभर चारही फेऱ्या चालू द्या. एकही चूक चालणार नाही. "दोनच चुका आल्या" असं काही नसतं.

---

जुळारी | मंगळवार, रात्री ८:२०

आत्ता कुठे डोक्यात शिरलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. दोन वेगळ्या देवनागरी फॉन्टांना १४ पॉइंट द्या, एकाचं "क" दुसऱ्याच्या दीडपट दिसतं. आकडा तोच आणि माप वेगळं. रॅमच्या बाबतीत तो आकडा मी डोळे झाकून खरा मानला.

रात्री करतो.

---

गच्ची | मंगळवार, रात्री १०:०५

मध्येच विचारतो, वेगळा धागा काढण्याइतकं मोठं नाही. माझं मशीन आय५-१०४०० आणि एच४१० बोर्ड. दोन्ही रॅम एकाच पाकिटातल्या, ३२०० च्या. पण २६६६ च दिसतं, बायोसमध्ये ३२०० चा पर्यायच नाही. आणि सीपीयू-झेडमध्ये तर १३३३ दिसतं! रॅम बदलून घेऊ का?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:३१

गच्ची, बदलू नका, तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही. आय५-१०४०० ची मर्यादाच २६६६ आहे आणि एच४१० चिपसेटवर ती ओलांडता येत नाही. ३२०० ची रॅम तिथे २६६६ वरच चालणार.

१३३३ चं कारण सोपं आहे. डीडीआर म्हणजे क्लॉकच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड खरा क्लॉक दाखवतं, पाकिटावर त्याची दुप्पट छापतात. जुळारींना १२०० मेगाहर्ट्झ दिसलं ते म्हणजेच २४००.

---

जुळारी | बुधवार, सकाळी ६:५०

काल रात्री केलं ते सगळं लिहितो.

स्लॉट बदलले. पहिल्यांदा चालू केलं तर स्क्रीनच येईना, बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा लागून राहिला. पोटात गोळा आला. पुन्हा बंद करून रॅम काढल्या, चौथ्या स्लॉटमध्ये पाच वर्षांची धूळ होती. रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने झाडली, रॅम दोन्ही टोकांना खटका वाजेपर्यंत दाबल्या. आली स्क्रीन. "ड्युअल" दिसलं.

बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं, मग त्यातले चार आकडे २२-२२-२२-५२ केले. एकाच फटक्यात ३२०० वर सुरू झालं, तीनदा बंद-चालू वगैरे काही नाही. खूप बरं वाटलं.

मेमटेस्ट लावून झोपलो. पहिली फेरी स्वच्छ. पहाटे साडेचारला उठून बघितलं तर दुसऱ्या फेरीत ९ चुका. प्रत्येक ओळीत काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं ते दिसतं. आठ आकड्यांतला एकच आकडा वेगळा, बाकी सगळं जसंच्या तसं.

मग एकेक रॅम वेगळी तपासली. नवी एकटी, सगळं ऑटोवर, ३२०० सीएल२२: एक पूर्ण फेरी स्वच्छ. जुनी एकटी, एक्सएमपीवर: तीही स्वच्छ. दोघी एकेकट्या शहाण्या, एकत्र आल्या की चुकतात. आता मात्र मला समजेनासं झालंय.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:१५

जुळारीदादा, एकेक रॅम वेगळी तपासलीत हे फार चांगलं केलंत. उत्तर त्यातच आहे.

तुम्ही एक्सएमपी चालू करून *त्यातले चार आकडे* बदललेत. बाकीचे आकडे जुन्या रॅमच्या एक्सएमपीचेच राहिले. बायोसमध्ये त्याच पानावर खाली जा, टीआरएफसी नावाची ओळ शोधा. तिथे ५६० असेल असा माझा कयास आहे.

कारण सांगतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या ओळी एकदा पुन्हा भराव्या लागतात. त्यासाठी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशचा आदेश देतो, आणि आदेश दिल्यावर चिपला ते काम उरकायला थोडा वेळ मोकळं सोडतो. हा मोकळा वेळ म्हणजे टीआरएफसी. चिप जितकी मोठी तितक्या जास्त ओळी एका आदेशात भरायच्या. ८ गिगाबिटच्या चिपला प्रमाणानुसार ३५० नॅनोसेकंद लागतात, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०.

३२०० ला क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ. म्हणजे ३५० नॅनोसेकंदांचे ठोके ५६०, आणि ५५० चे ८८०.

तुमच्या नव्या रॅमवर चारच मोठ्या चिपा आहेत हे तुम्ही काल लिहिलंतच. तिला ८८० हवेत, जुनीच्या हिशोबाने ५६० मिळतायत. रिफ्रेश संपायच्या आत तिच्याकडे काम मागितलं जातं आणि कधीतरी एखादा बिट हातचा जातो. नवी एकटी ऑटोवर होती तेव्हा बोर्डाने तिच्याच तक्त्यातले ८८० घेतले, म्हणून स्वच्छ. जुनीला ५६० पुरतात, म्हणून तीही स्वच्छ.

टीआरएफसी ८८० करा. त्याच्या वर टीआरसी (एक ओळ उघडल्यापासून पुढची उघडेपर्यंतचे ठोके) दिसेल, तो ७४ च्या खाली असेल तर ७४ करा. किंवा त्याहून सोपं: एक्सएमपी पूर्ण बंद करा, ऑटोवर या, आणि फक्त वेग, चार टायमिंग आणि व्होल्टेज हाताने भरा. मग बाकीचे आकडे बोर्ड दोन्ही रॅम बघून ठरवेल. तरी टीआरएफसी डोळ्यांनी बघाच.

---

सोल्डर | बुधवार, सकाळी ९:०५

रात्रपाळी, हे माझ्याकडून राहिलं. चार चिपांचा हिशोब मीच मांडला आणि टीआरएफसीचं लिहायला विसरलो. "एक्सएमपी बंद ठेवून भरा" हेही स्पष्ट लिहायला हवं होतं. जुळारीदादा, तुमची एक रात्र माझ्यामुळे गेली, माफ करा.

---

जुळारी | बुधवार, सकाळी ९:४०

माफी कसली! ५६० च आहे. स्क्रीनचा फोटो काढून घरात सगळ्यांना दाखवला, कोणालाच काही कळलं नाही, पण मला इतका आनंद झाला. दिवसभर २४०० वर काम करतो, रात्री ८८० टाकून लावतो.

---

जुळारी | शुक्रवार, सकाळी ७:१०

दोन रात्री लावला. एक्सएमपी बंद, वेग ३२००, २२-२२-२२-५२, टीआरसी ७४, टीआरएफसी ८८०, १.३५ व्होल्ट. दोन्ही रात्री चार-चार फेऱ्या, चुका शून्य. काल दिवसभर एका अंकाची सगळी पानं, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम उघडं ठेवून काम केलं. पीडीएफ दोनदा काढून पान-पान ताडून बघितली. ४७ वं पान अखंड आहे.

दुकानदाराला फोन करून सांगितलं की रॅम खराब नाही, परत करत नाही. त्यालाही आकडे लिहून पाठवलेत, पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडतील.

---

खटपट्या | शुक्रवार, सकाळी ११:२०

अभिनंदन! आता सीएल२२ वरून २० किंवा १८ करून बघा की. रायझनमध्ये आतला फॅब्रिकही (प्रोसेसरचे भाग जोडणारी वाट) रॅमच्याच क्लॉकने पळतो, त्यामुळे टायमिंगचा फायदा दिसतो म्हणतात.

---

सोल्डर | शुक्रवार, दुपारी १२:१५

फॅब्रिकचा फायदा क्लॉकमुळे होतो, आणि तो त्यांना मिळालाय. २४०० ला फॅब्रिक १२०० वर होता, आता १६०० वर आहे. सीएल कमी करून खेळात थोडा फरक दिसेल. पानं लावताना खरा फायदा ८ चे १६ जीबी झाले त्याचाच. मी तरी २० तारखेपर्यंत हात लावणार नाही.

आणि दादा, बायोस अपडेट करायचा विचार असेल तर तोही अंक गेल्यावर. आधी सगळं मूळ सेटिंगवर आणा, मग अपडेट करा, आणि मशीन यूपीएसवर असल्याशिवाय करू नका. अर्ध्यात वीज गेली तर बोर्डच बसतो. अपडेटनंतर हे आकडे पुसले जातात, पुन्हा भरावे लागतील.

---

कॅमेरावाली | शुक्रवार, दुपारी १:००

माझ्याही मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या रॅम आहेत. रविवारी शूट नाही, रात्रभर टेस्ट लावते. लेबल वाचून इथे टाकते, मदत करा.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:२५

नक्की टाका ताई. चिपा किती आहेत तेही मोजा. आणि पुढे कधी वाढवायची झाली तर जुनीला जोड शोधण्यापेक्षा एकाच पाकिटातल्या दोन घ्या, जुनी विकून टाका. नाव आणि मॉडेल तेच असलं तरी वर्षभराने त्याच लेबलखाली वेगळी चिप आलेली मी पाहिली आहे.

---

जुळारी | मंगळवार, रात्री १०:५०

तिन्ही अंक आज छापखान्यात गेले. सीएल२० ची उत्सुकता होतीच, म्हणून रविवारी रात्री एकदा लावून पाहिलं होतं. पहिल्याच फेरीत चुका आल्या, लगेच २२ वर परत आलो. आता तिथेच राहणार.

बोर्डावरचा बटणासारखा सेल पाच वर्षांचा आहे, तो संपला तर सगळे आकडे जातील. म्हणून ते सगळे १८ पॉइंटात टाइप करून, प्रिंट काढून कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर चिकटवलेत.